चंद्रावरचा ससा आणि कंपनीचे कासव

पौर्णिमेच्या सायंकाळी सामुदायिक वंदना आटोपली की वसतिगृहाच्या अंगणात ससजातकाची कथा सांगण्याचा आमचा परिपाठ आहे. उपोसथाच्या दिवशी दारी आलेल्या याचकाला देण्यास सशापाशी गवताखेरीज काहीच नव्हते. माणसाला गवत कसे वाढावे, म्हणून त्याने स्वतःचा देहच अग्नीत झोकून दिला. परंतु अग्नी त्याला जाळीना. याचकाच्या वेषात आलेल्या सक्काने मग पर्वत पिळून त्याच्या रसाने सशाची आकृती चंद्रबिंबावर रेखाटली, आणि ती आपण आजही पाहतो, अशी ती कथा. यंदा पावसाळा सरल्यावरच्या एका पौर्णिमेला कथा संपताच नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, अमेरिकेतली एक कंपनी चंद्रावर जाणार आहे म्हणतात. मग चंद्र त्या कंपनीच्या मालकीचा होणार का?”

त्या वेळी आम्ही “नाही, चंद्र कुणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही,” असे उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. कागदावर कुणाचेही नसलेले पाणी प्रत्यक्षात कुणाचे असते, हे आमच्या समाजाने शिकविण्याची गरज पडू नये इतके भोगलेले आहे. म्हणून त्या मुलाला द्यावयाचे सविस्तर उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने येथे मांडीत आहोत. आम्ही इतिहासाचे शिक्षक. अग्निबाणांचे तंत्र हा आमचा विषय नव्हे. तथापि सनद, करार, ठराव आणि प्रत्यक्ष वहिवाट यांच्यातील अंतर मोजणे हे इतिहासाचेच काम आहे, आणि चंद्राच्या बाबतीत ते आताच करावे लागेल अशी लक्षणे दिसतात.

कासवाची वाटचाल

ती कंपनी म्हणजे ब्लू ओरिजिन. ॲमेझॉन या व्यापारी उद्योगाचे संस्थापक जेफ बेझोस यांनी ती २००० साली स्थापन केली. तिच्या मानचिन्हावर दोन कासवे मागच्या पायांवर उभी राहून ताऱ्यांकडे झेपावताना दाखविली आहेत, आणि तिच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ ‘पायरीपायरीने, पण त्वेषाने’ असा होतो. ससा चंद्रावर केव्हाचाच बसला आहे आणि कासव आता कोठे निघाले आहे, असे वर्गात म्हणताच मुले हसली. हसण्यासारखे ते होतेही, कारण पृथ्वीभोवतीच्या कक्षेत प्रथम पोहोचायला या कंपनीला चोवीस वर्षांहून अधिक काळ लागला.

अशा कंपन्यांच्या योजनांविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते, ते वाचताना विद्यार्थ्यांनी इतिहासाची एक साधी शिस्त पाळावी असा आमचा आग्रह असतो. कागद तीन ढिगांत वेगळे करावेत. जे घडले ते एका ढिगात, ज्यावर सही-शिक्का झाला ते दुसऱ्यात, आणि जे केवळ बोलले गेले ते तिसऱ्यात. तिसरा ढीग नेहमीच सर्वांत उंच असतो. एका जपानी उद्योगपतीने कलावंतांना सोबत घेऊन स्पेसएक्स या कंपनीच्या यानातून २०२३ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालण्याचे २०१८ साली जाहीर केले होते. २०२४ च्या जूनमध्ये ती सहल रद्द झाली. आपल्याकडील बंगळुरूच्या टीमइंडस या कंपनीनेही चंद्रावर यान उतरविण्याच्या जागतिक स्पर्धेत मोठ्या उमेदीने भाग घेतला होता. मार्च २०१८ अखेर ती स्पर्धा एकही विजेता न मिळता बंद झाली. यात कुणाचा उपहास करण्याचा हेतू नाही. ढिगांची सरमिसळ होऊ नये एवढेच सांगणे आहे.

ब्लू ओरिजिनचे कागद या रीतीने लावून पाहिले, तर पहिला ढीग लहान पण भरीव दिसतो. ‘न्यू ग्लेन’ हा सुमारे ९८ मीटर उंचीचा अग्निबाण १६ जानेवारी २०२५ रोजी पहिल्याच उड्डाणात कक्षेत पोहोचला. नोव्हेंबर २०२५ मधील दुसऱ्या उड्डाणात त्याने मंगळाकडे जाणारी नासाची दोन छोटी याने अवकाशात सोडली आणि त्याचा खालचा टप्पा समुद्रातील तरंगत्या फलाटावर परत उतरला. दुसऱ्या ढिगात दोन मोठे कागद आहेत. माणसांना चंद्रावर उतरविणारे यान बांधण्यासाठी नासाने मे २०२३ मध्ये दिलेले सुमारे ३४० कोटी डॉलरचे कंत्राट हा त्यांतील पहिला. हे कंत्राट सहजासहजी मिळालेले नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये नासाने असेच काम एकट्या स्पेसएक्सला २८९ कोटी डॉलरना दिले, तेव्हा ब्लू ओरिजिनने आधी लेखापरीक्षण कार्यालयाकडे तक्रार नेली, ती फेटाळल्यावर न्यायालयात दावा लावला आणि तोही नोव्हेंबरमध्ये गमावला. अमेरिकी काँग्रेस आणि नासा यांनी दुसऱ्या पुरवठादारासाठी वाट मोकळी केल्यावर कासवाला ही पायरी मिळाली.

दुसऱ्या कागदाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ‘व्हायपर’ ही नासाची चाकांवर चालणारी स्वयंचलित गाडी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ शोधण्यासाठी बांधली गेली. सुमारे ४५ कोटी डॉलर खर्चून झाल्यावर, जुलै २०२४ मध्ये, खर्च आणि विलंब वाढल्याचे कारण देऊन नासाने ती मोहीमच रद्द केली. शास्त्रज्ञांत मोठी खळबळ उडाली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ती गाडी चंद्रावर नेऊन पोहोचविण्याचे काम ब्लू ओरिजिनला देण्यात आले. कंत्राटाची कमाल किंमत १९ कोटी डॉलर, मुदत २०२७ ची अखेर. म्हणजे पाणी शोधणारे उपकरण जनतेच्या पैशाचे आणि ते वाहून नेणारी गाडी कंपनीची.

तिसऱ्या ढिगात ‘ब्लू मून मार्क १’ हे सुमारे आठ मीटर उंचीचे मालवाहू यान आहे. तीन टनांपर्यंत सामान उतरवू शकणाऱ्या या यानाचे पहिले उड्डाण दक्षिण ध्रुवाच्या परिसराकडे होणार असे कंपनी सांगते. २०२५ साल सरताना आम्ही हे लिहीत आहोत, तेव्हा ते पृथ्वीवरच आहे. ते सुखरूप उतरेल काय, याविषयी आमचा तर्क सावध आहे. २०१९ ते २०२५ या काळात खाजगी यानांनी चंद्रावर उतरण्याचे सात प्रयत्न केले. त्यांतील तीन आदळून नष्ट झाली, एक वाटेतच निकामी झाले, दोन उतरली खरी पण कलंडली, आणि फायरफ्लाय या कंपनीचे एकच यान २ मार्च २०२५ रोजी सरळ उभे राहिले. तेव्हा कासवाचे पहिले पाऊल चुकले तर नवल नाही. परंतु त्यामुळे ते थांबेल असेही आम्हांस वाटत नाही, कारण त्याच्या पाठीशी एका अतिधनाढ्य मालकाची तिजोरी आणि सरकारी कंत्राट, दोन्ही आहेत.

हायड्रोजनच का?

कंपनी कोणते इंधन निवडते, यावरून तिचा डोळा कशावर आहे ते कळते. स्पेसएक्सच्या मोठ्या यानात मिथेन आणि ऑक्सिजन जळतो. ब्लू मूनसाठी मात्र द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन निवडलेला आहे. हायड्रोजन हे हाताळण्यास अत्यंत कटकटीचे द्रव्य. ते उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते आणि जरा ऊब लागली की वाफ होऊन निसटते. मग ही निवड कशासाठी? मे २०१९ मध्ये यानाची प्रतिकृती लोकांसमोर मांडताना बेझोस यांनी कारण दडवले नव्हते. चंद्रावर बर्फ आहे, बर्फ म्हणजे पाणी, आणि पाणी फोडले की हायड्रोजन व ऑक्सिजन मिळतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आठवीच्या विज्ञानातील हिशेबही तोच सांगतो. नऊ किलो पाण्यातून एक किलो हायड्रोजन आणि आठ किलो ऑक्सिजन निघतो. ज्याच्या हाती चंद्रावरचे पाणी, त्याच्या हाती चंद्रावरचा इंधनपंप.

पाण्याच्या या शोधात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्या मुलांना ठाऊक असलाच पाहिजे. इस्रोच्या चांद्रयान-१ ने १४ नोव्हेंबर २००८ रोजी दक्षिण ध्रुवानजीक एक आघात-कुपी सोडली. त्याच यानावर बसविलेल्या नासाच्या एका उपकरणाने चंद्रपृष्ठावर पाण्याच्या खुणा पाहिल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात नासाने रिकाम्या अग्निबाणाचा टप्पा कॅबियस नावाच्या विवरात मुद्दाम आदळवला, आणि उडालेल्या धुळीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी आढळले. एका ठिकाणचे, एका आघाताचे हे मोजमाप; संपूर्ण ध्रुवाला ते लागू होईलच असे नाही. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षे सूर्यकिरण गेलेला नाही. बर्फ तेथेच टिकून आहे.

पाणवठा

“चंद्र एवढा मोठा, मग भांडण कशाचे?” असे कुणी विचारील. चंद्राचे क्षेत्रफळ आफ्रिका खंडाहून अधिक आहे हे खरे. परंतु गावाची शिवार कितीही मोठी असली तरी वस्ती पाणवठ्याभोवतीच होते. चंद्रावर बहुतेक ठिकाणी सुमारे चौदा दिवसांची रात्र असते. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या कडांवर मात्र वर्षातील बहुतांश काळ ऊन असते, आणि त्याच कडांखाली काळोखात बर्फ आहे. २१ किलोमीटर व्यासाचे शॅकलटन विवर हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. ऊन म्हणजे वीज आणि बर्फ म्हणजे पाणी. दोन्ही एकत्र मिळतील अशा जागा मोजक्या आणि लहान आहेत. अमेरिकेचा डोळा त्यांच्यावर आहे, चीनचाही आहे, आणि कंपन्यांचाही.

या जागांना कोणता कायदा लागू आहे? १९६७ चा बाह्य अवकाश करार हा त्याचा पाया. त्याचा दुसरा अनुच्छेद सांगतो की चंद्रावर कोणतेही राष्ट्र सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर करून, वहिवाट करून वा अन्य कोणत्याही मार्गाने मालकी सांगू शकत नाही. आम्ही त्या मुलाला दिलेले उत्तर याच अनुच्छेदावर आधारलेले होते. पण जमीन कुणाची नसली तरी जमिनीतून काढलेली वस्तू कुणाची? तेथे करार मुका आहे. या मौनात अमेरिकेने नोव्हेंबर २०१५ मध्ये स्वतःचा कायदा घातला. चंद्रावर वा लघुग्रहावर जे अमेरिकी नागरिक साधनसंपत्ती मिळवतील, त्यांना ती बाळगता, वापरता व विकता येईल. मात्र यामुळे अमेरिका चंद्रावर सार्वभौमत्व सांगत नाही, असे त्यात नमूद आहे. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती, जपान यांनीही त्याच धर्तीचे कायदे केले.

समर्थक येथे समुद्राचा दाखला देतात. समुद्र कुणाचाच नाही, पण मासा पकडणाऱ्याचा असतो. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. मासळी पुन्हा पैदा होते. अब्जावधी वर्षांपूर्वी साठलेला बर्फ एकदा उकरला की परत साठणार नाही, हे मात्र त्या दाखल्यात येत नाही.

वहिवाट पाडण्याचे काम कसे चालते, याचा एक मजेशीर नमुना आहे. डिसेंबर २०२० मध्ये नासाने काही कंपन्यांकडून चंद्रावरची माती विकत घेण्याचे करार केले. त्यांपैकी लूनर आउटपोस्ट या कंपनीने किंमत सांगितली एक डॉलर! माती पृथ्वीवर आणायची नव्हती. चंद्रावर थोडी गोळा करून तिचे छायाचित्र पाठवायचे आणि तेथल्या तेथेच मालकी नासाच्या नावे करायची. कराराच्या वेळचा दहा टक्के हप्ता म्हणून त्या कंपनीला दहा सेंटचा धनादेशही देण्यात आला. मार्च २०२५ मध्ये तिची छोटी गाडी चंद्रावर पोहोचली, परंतु वाहून नेणारे यान कलंडल्यामुळे बाहेर पडू शकली नाही, आणि तो एक डॉलरचा व्यवहार अपुराच राहिला. हसू येते, पण इतिहासाचा विद्यार्थी हसून पुढे जाणार नाही. एक डॉलर मातीसाठी नव्हता, दाखल्यासाठी होता. ‘अशी खरेदी-विक्री पूर्वी झालेली आहे’ हे पुढे म्हणता यावे, एवढ्यासाठी तो मोजला गेला.

महाडच्या कागदांकडे पुन्हा एकदा

या टप्प्यावर आम्हांस महाड आठवते. ही आठवण आम्ही जपून काढतो. चवदार तळ्यावर तहानलेल्या माणसांना माणूस म्हणून नाकारले जात होते. शॅकलटन विवराच्या काठी कुणी तहानलेला उभा नाही. दोन्ही गोष्टी समान मानणे हा सत्याग्रहींचा अवमान ठरेल. तुलना आहे ती केवळ कागदांची. सी. के. बोले यांचा म्हणून ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा कागद तीन वर्षांहून जुना होता. तळ्याभोवती सार्वजनिक रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे. त्या घरांच्या वेढ्यात ठराव निष्प्रभ झाला होता. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये जो दावा लावण्यात आला, त्यात वादींचे म्हणणे काय होते? तळे खाजगी स्वरूपाचे आहे आणि अनादी काळापासूनची वहिवाट आमची आहे. मनाई हुकूम मिळाला, आणि ती वहिवाट सिद्ध होत नाही हे उच्च न्यायालयाकडून ऐकायला १७ मार्च १९३७ ची वाट पाहावी लागली. सत्याग्रहाचे वर्णन आपल्या घराघरांत पाठ असते; त्यानंतरची ही दहा वर्षांची कोर्टकचेरी फारशी कुणी वाचीत नाही. ती वाचावी. मालकी आणि वहिवाट या दोन शब्दांनी पाणी कसे अडते, हे त्यात दिसते.

चंद्रावरचा वेढा घरांचा नसेल. तो ‘सुरक्षा क्षेत्रा’चा असेल. अमेरिकेने २०२० मध्ये मांडलेल्या आर्टेमिस करारनाम्यात साधनसंपत्ती काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे असे म्हटले आहे, आणि एकमेकांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून कामाच्या जागेभोवती सुरक्षा क्षेत्र जाहीर करण्याची तरतूदही आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर या तरतुदीमागचे कारण खरे आहे. चंद्रावर हवा नाही. उतरणाऱ्या यानाच्या झोताने उडालेली धूळ अडत नाही, गोळीसारखी दूर जाते. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ उतरले ते आधीपासून तेथे असलेल्या सर्व्हेअर-३ या यानापासून दीडशेहून अधिक मीटर अंतरावर. तरीही त्या धुळीने सर्व्हेअरचे पृष्ठभाग घासून निघाल्याचे नंतर आढळले. तेव्हा शेजाऱ्याने अंतर राखावे ही मागणी अवाजवी नाही. क्षेत्र तात्पुरते असावे, त्याची कारणे जाहीर असावीत, असेही त्या करारनाम्यात आहे. आमची शंका वेगळी आहे. ज्या कड्यावर ऊन आहे तो कडाच जर काही शे मीटरचा असेल, तर पहिल्या यंत्राभोवतीचे सुरक्षा क्षेत्र म्हणजेच तो अख्खा कडा. मालकी कुणी सांगितली नाही, ताबा मात्र झाला. आणि महाडला निदान पायी चालत जाता येत होते.

तरीही सर्व काही ठरून गेले आहे असे मानू नये. अवकाशातील मोजक्या जागांचे भांडण याआधी एकदा झालेले आहे आणि त्याचा शेवट अगदीच वाईट झाला नाही. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्या एकाच जागेवर स्थिर भासतो. दूरदर्शन व दूरसंचार यांसाठी ती कक्षा सोन्याच्या मोलाची. तेथेही ‘जो आधी येईल त्याची जागा’ हा न्याय चालू होता. डिसेंबर १९७६ मध्ये कोलंबिया, केनिया, इंडोनेशिया आदी आठ विषुववृत्तीय देशांनी बोगोटा येथे जमून आपल्या डोक्यावरील कक्षा आपलीच असा दावा केला. दावा जगाने मानला नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तो मानण्याजोगाही नव्हता. परंतु त्या ओरडण्याची दखल घ्यावी लागली. १९८५ आणि १९८८ च्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदांत असे ठरले की प्रत्येक देशासाठी, त्याच्याजवळ आज उपग्रह असो वा नसो, कक्षेत किमान एक जागा राखून ठेवावी. उशिरा येणाऱ्याची जागा राखणे अवकाशातही शक्य आहे, हे त्यावरून सिद्ध झालेले आहे. आरक्षण या शब्दाने ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

प्रश्न कुणाला विचारावा

१५ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन फ्लोरिडातील प्रक्षेपणस्थळी गेले. देशात माणसे उपाशी असताना चंद्रावर एवढा खर्च का, हा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले, त्यांचे ऐकून घेतले आणि काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यास बोलावले. ॲबरनॅथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थनाही केली. त्यांचा विरोध चंद्राला नव्हता. प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले असे नाही. पण दार सरकारचे असल्यामुळे त्या दाराशी उभे राहता आले आणि आतून कुणीतरी बाहेर आले.

कंपनीच्या दाराशी कुणी यावे? येथे १९६७ च्या कराराचा सहावा अनुच्छेद महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. बिगरसरकारी संस्थेने अवकाशात काहीही केले तरी त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या राष्ट्रावर असते. तिला परवानगी देणे आणि तिच्यावर सतत देखरेख ठेवणे हे राष्ट्राचे कर्तव्य ठरते. म्हणजे ब्लू ओरिजिनविषयीचा प्रश्न अमेरिकी शासनाला विचारता येतो, आणि उद्या एखादी भारतीय कंपनी निघाली तर भारत सरकारला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराची हमी देताना ‘पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून’ राखलेली ठिकाणे असे शब्द योजलेले आहेत. चंद्रावर हा अनुच्छेद लागू नाही, हे उघड आहे. पण जेथे अंशतः जनतेचे धन लागले तेथे जनतेचा हक्क पोहोचतो, ही त्यामागील दृष्टी ३४० कोटी डॉलरच्या कंत्राटाकडे पाहतानाही उपयोगी पडते.

आणि भारत सरकारला विचारण्याजोगे प्रश्न आजच आहेत. १९७९ च्या चंद्र कराराने चंद्राची साधनसंपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली. त्याला मान्यता देण्याचे मात्र अद्याप राहूनच गेले आहे. अमेरिका, रशिया, चीन यांनी तर त्याकडे पाठच फिरविली. २१ जून २०२३ रोजी भारताने आर्टेमिस करारनाम्यावर सही केली आणि तसे करणारा तो सत्ताविसावा देश ठरला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या भारतीय अवकाश धोरणात बिगरसरकारी संस्थांना अवकाशातील साधनसंपत्ती मिळविण्याची, बाळगण्याची आणि विकण्याची मुभा, देशाच्या आंतरराष्ट्रीय बंधनांच्या अधीन राहून, देण्यात आली आहे. चांद्रयान-३ च्या यशाचा आनंद आम्ही शाळेच्या सभागृहात मुलांसोबत साजरा केला होता. त्या आनंदात हे धोरण कुणी वाचले नाही. आम्हीही पुष्कळ उशिरा वाचले. धोरण म्हणजे कायदा नव्हे. अवकाशातील कामांचा सर्वंकष कायदा आपल्या संसदेने अजून केलेला नाही, म्हणून ‘विकण्याची मुभा’ कोणत्या अटींवर, त्यातून समाजाला काय मिळणार, नोंदी कुणासाठी खुल्या राहणार, हे सारे लिहिले जायचे आहे. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज वकील आहेत, अभियंते आहेत, काही प्रशासनात आहेत. त्यांनी या विषयाला इतरांचा विषय समजू नये, अशी आमची विनंती आहे.

नोंदींचा मुद्दा आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. चांद्रयान-१ वरील उपकरणाच्या नोंदी सर्व अभ्यासकांना खुल्या होत्या. म्हणूनच २०१८ मध्ये, यान निकामी होऊन नऊ वर्षे लोटल्यावर, त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून संशोधकांनी ध्रुवांवरील काळोख्या विवरांत पृष्ठभागावरच बर्फ असल्याचे दाखवून दिले. यान भारताचे, उपकरण अमेरिकेचे, निष्कर्ष सर्वांचे. उद्या कंपनीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या यंत्राने पाणी शोधले, तर त्या पाण्याचा नकाशा प्रसिद्ध करण्याचे बंधन तिच्यावर कोण घालणार? तळे कुठे आहे हे ज्याला एकट्यालाच ठाऊक, त्याला तळ्याभोवती भिंतही बांधावी लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीने २०२१ मध्ये एक कार्यगट नेमलेला आहे. अवकाशातील साधनसंपत्तीच्या वापरासाठी तत्त्वांचा मसुदा तयार करणे हे त्याचे काम, आणि त्याची मुदत २०२७ पर्यंत आहे. ब्लू ओरिजिनच्या यानातून व्हायपर जाणार तेही २०२७ च्या अखेरीस. त्या गाडीजवळ एक मीटर लांबीचे छिद्रयंत्र आहे. मसुदा आधी येतो की छिद्र आधी पडते, ते दिसेलच. पौर्णिमेच्या रात्री प्रश्न विचारणारा मुलगा तेव्हा अकरावीत असेल.